ओटा आवरल्यानंतरची संध्याकाळ



चातुर्मास आला की माझे कॅलेंडर बघणे वाढते. तिथी, सण, दूधवाल्याचे खाडे यांच्या जोडीला रोज आणखी एक आकडा बघायचा असतो, सूर्यास्ताचा. जुलैच्या सुरुवातीला आमच्याकडे सूर्य साधारण ७ वाजून २० मिनिटांनी मावळतो आणि नोव्हेंबरच्या अखेरीस ६ वाजताच. सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे, आधी पाने उचलायची ही आमच्या घरची जुनी पद्धत. त्यामुळे आषाढात साडेसहापर्यंत चालणारे जेवण कार्तिक सरता सरता सव्वापाचवर येते. नियम तोच, घड्याळ मात्र सरकत जाते.

शेजारपाजारच्या बायका मला नेहमी विचारतात, "अहो, इतक्या लवकर जेवता, मग झोपेपर्यंत करता तरी काय?" उपाशी कशा राहता, असे त्यांना विचारायचे असते. मला मात्र दुसराच हिशोब दिसतो. रात्री दहाला झोपायचे म्हटले तर सूर्य मावळल्यापासून जुलैत मला दोन तास चाळीस मिनिटे मिळतात, नोव्हेंबरात चार तास. थंडी जवळ येते तसे वाचायचे आणि विणायचे तास वाढत जातात. आज या तासांविषयीच लिहायचे आहे. ते आपोआप मिळत नाहीत, हेही त्यातच येईल.

आधी स्वयंपाक, कारण संध्याकाळचा सगळा डोलारा त्यावर उभा. मी दुपारी साडेतीनला पदर खोचते. माहेर सांगलीकडचे, त्यामुळे हात भाकरीला सरावलेला. पिठाला मर्यादा असते, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊकच आहे: पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. लग्न होऊन शहाडला आले तेव्हा पावसाळ्यात दर तिसऱ्या दिवशी गिरणीत जायचा मला कंटाळा यायचा. आता घरघंटी आहे. दोन वाट्या ज्वारी टाकली की दहा मिनिटांत ताजे पीठ. ताज्या पिठाची भाकरी हाताखाली कशी फिरते, ते करणाऱ्या बाईलाच कळते. डब्यात महिनाभर पडलेल्या पिठाला ती चिकटाई नसते, भाकरी कडेने फाटते. पिठात जीव पडू नयेत म्हणून घातलेली मर्यादा, पण तिच्यातून चवही आपसूक मिळाली.

आले वर्ज्य म्हणून सुंठ, बटाटा वर्ज्य म्हणून कच्चे केळे. कच्ची केळी सालासकट उकडून, गार झाल्यावर हाताने कुस्करायची, किसायची नाहीत, किसली की गिच्च होतात. हिंग, जिरे, कढीपत्ता, हिरवी मिरची आणि शेवटी लिंबू. आमच्या इमारतीतल्या एका सिंधी वहिनींनी ही भाजी खाऊन बटाटा कुठला वापरला म्हणून विचारले होते. चातुर्मासात पालेभाज्या बंद झाल्या की कडधान्ये, दुधी, पडवळ, दोडका यांच्यावर भर. दोडक्याच्या शिरा काढल्या की त्या टाकायच्या नाहीत, तीळ घालून तव्यावर कोरड्या परतायच्या. त्या चटणीवर आमच्याकडे भाजी कमी पडते.

मला स्वयंपाक पुस्तकातून शिकायलाही आवडले. मराठीत पाककृतींची पुस्तके तशी जुनीच आहेत. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० सालचे. पण माझ्या पिढीच्या हातात पडली ती कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा', १९७० सालची. कमलाबाईंची शाळा फार झालेली नव्हती, पण त्यांनी वाटी आणि चमचा ही मापे धरून पाककृती लिहिल्या आणि नव्या सुनांचा घाम पुसला. 'अंदाजाने घाला' हे उत्तर ऐकून रडकुंडीला आलेल्या मुलींना वाटी-चमच्याने केवढा धीर दिला! मी कॉमर्सची, मला मापातले सगळे आवडते. माझ्या 'रुचिरा'त जिथे कांदा-लसूण आहे तिथे समासात पेन्सिलीने हिंग, सुंठ, आमसूल असे लिहिलेले आहे. तीच माझी जैन आवृत्ती.

साडेपाच-सहाला पाने घ्यायची, भांडी घासून ओटा कोरडा पुसायचा, पिण्याचे पाणी गाळून ठेवायचे आणि स्वयंपाकघराचा दिवा घालवायचा. तो दिवा घालवताना मला जे वाटते, ते लग्नानंतर कित्येक वर्षे मी कुणाला बोलले नव्हते. मला सुटल्यासारखे वाटते. आपल्या शेजारणींची स्वयंपाकघरे रात्री अकरापर्यंत चालू असतात. एक जण आठला जेवतो, दुसरा दहाला, मग दूध, मग उद्याची तयारी. आपल्या आचार्यांनी रात्रिभोजनाचा त्याग सांगितला तो अहिंसेसाठी. पण ज्या घरात तो पाळला जातो, त्या घरातल्या बाईला रोज तीन-चार तास परत मिळतात, हा लाभ कुणी मोजत नाही.

न मोजण्यावरून आठवले. बी.कॉम.ला अर्थशास्त्रात पिगू या इंग्रज अर्थतज्ज्ञाचे एक उदाहरण होते. एखाद्या गृहस्थाने पगारी घरकाम करणाऱ्या बाईशीच लग्न केले, तर देशाचे उत्पन्न तेवढ्याने कमी होते. काम तेच, करणारी तीच, फक्त पगार थांबला म्हणून ते हिशोबातून गेले. वर्गात आम्ही मुली हसलो होतो. पुढे चाळीस वर्षे त्या उदाहरणातच राहिलो. आता निदान वेळ तरी सरकार मोजते. देशभरातल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत २०१९ साली असे दिसले, की घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटे जातात आणि पुरुषांची ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटे वाचली. घरातल्या पुरुषांनी काही ती उचलली नाहीत, त्यांचीही नऊ मिनिटे कमीच झाली!

म्हणून मी सूर्यास्तानंतरच्या तासांना रिकामा वेळ म्हणत नाही. श्रावकाच्या रोजच्या सहा कर्तव्यांत देवपूजा, गुरूंची उपासना, संयम, तप आणि दान यांच्याबरोबर स्वाध्याय आहेच. म्हणजे वाचन हे कामातून चोरलेले सुख नव्हे, ते नेमून दिलेले काम आहे. ज्या बाईला पुस्तक हातात घेताना कुणीतरी बघेल म्हणून दचकायला होते, तिने हे लक्षात ठेवावे.

माझ्या सासूबाईंना आम्ही आक्का म्हणायचो. शाळा तिसरीपर्यंत, अक्षर लावत लावत वाचायच्या आणि दोन ओळींत थकायच्या. पण ऐकायची हौस दांडगी. संध्याकाळी दिवा लावला, की त्या जपमाळ घेऊन खाली बसायच्या आणि मी 'रत्नकरंड श्रावकाचार' मराठी अर्थासह वाचायची. दोन श्लोक झाले की त्यांचे प्रश्न सुरू. "भोग आणि उपभोग यात फरक काय गं?" मी वाचून सांगायची, एकदा वापरून संपते तो भोग, जसे जेवण. पुन्हा पुन्हा वापरता येतो तो उपभोग, जसे लुगडे. त्यावर आक्का म्हणाल्या, "मग भाकरी भोग आणि पुस्तक उपभोग." इतके नेमके मला सुचले नसते.

तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचणे, विचारणे, मनात घोळवणे, पाठ म्हणणे आणि सांगणे. आक्का आणि मी मिळून हे पाचही व्हायचे. मी वाचायची, त्या विचारायच्या, आणि दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना त्यांचे घोळवणे चाललेले असायचे. भक्तामर त्यांना ऐकून ऐकून पाठ झाले होते. त्या गेल्या त्या वर्षी मला कळले, की मी वाचत होते ती निम्मी त्यांच्या प्रश्नांसाठी.

धर्मग्रंथांशिवायचे वाचनही मला लागते. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. शहाडहून कल्याण एकच स्टेशन, त्यामुळे पंधरा दिवसांतून एकदा पिशवीत पुस्तके घालून जायचे, येताना भाजी आणायची. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मी तिथूनच आणून पहिल्यांदा वाचली. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे शिकलेली बाई असे पुस्तक लिहून जाते! ते मी आक्कांना वाचून दाखवले, तेव्हा त्या इतक्या हसल्या की जपमाळ हातातून खाली पडली.

आता विणकाम. शहाडला थंडी ती किती? डिसेंबर-जानेवारीत उल्हास नदीकडून पहाटे गार वारा येतो, तेवढीच. स्वेटर घरात कुणी घालत नाही. तरी माझ्या सुया थांबत नाहीत. वाचताना डोळे आणि मन दोन्ही गुंततात. विणताना हात गुंततात आणि मन मोकळे राहते, वाचलेले त्यात घोळत राहते. अनुप्रेक्षेला मला विणकामाइतकी सोयीची जागा दुसरी सापडली नाही. सुलट, उलट, सुलट, उलट, आणि मध्येच दुपारी वाचलेल्या ओळीचा अर्थ लागतो.

सध्या मी तान्ह्या बाळांच्या टोप्या विणते. नव्याने शिकणाऱ्यांसाठी सांगते: आपल्याकडच्या जुन्या सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, यात पुष्कळ जणी फसतात. १२ नंबरवर ८० टाके घाला, दोन सुलट दोन उलट अशी बॉर्डर करा, म्हणजे कड घट्ट बसते. मग १० नंबरवर सगळे साधे. बाळाच्या अंगातली ऊब डोक्यावाटे फार जाते, कमी वजनाच्या बाळांना तर टोपी हवीच. साताठ झाल्या की धुऊन एका सरकारी रुग्णालयातल्या बाळंतिणींकडे पोचवते. माझ्याकडे एकही उरत नाही, म्हणून परिग्रहाचीही चिंता नाही.

धाग्याची एक गंमत सांगते. शहाड म्हटले की लोकांना बिर्ला मंदिर आठवते आणि सेंच्युरी रेयॉन. इथे व्हिस्कोस रेयॉनचा धागा तयार होतो, तो लाकडाच्या लगद्यापासून. खरे रेशीम मिळवायला कोश आतल्या किड्यासकट उकळतात, म्हणून आपल्यातल्या कितीतरी बायका रेशीम नेसत नाहीत. आक्काही नेसायच्या नाहीत, पण चकाकत्या धाग्याची त्यांना आवड. त्यांनी मला रेयॉनच्या धाग्याचे तोरण क्रोशाने करायला लावले. धागा इतका निसटता, की दर दोन ओळींनी टाके मोजावे लागत. ते तोरण अजून दिवाळीला दाराला लागते. "झाडाचं रेशीम", आक्का सगळ्यांना सांगायच्या.

इतके सगळे छान असताना लिहायचे कारण काय, असे वाटेल. तर या संध्याकाळी मध्यंतरी माझ्या हातून गेल्या होत्या.

मुलाचे लग्न झाले. मुलगा आणि सूनबाई दोघेही नोकरीला. तिला घरी यायला साडेआठ, त्याला नऊ. शहाडला सगळ्या गाड्या थांबत नाहीत, कल्याणला उतरून टिटवाळा, आसनगाव किंवा कसारा लोकलची वाट बघावी लागते. नोकरीवाल्यांनी सूर्यास्ताआधी जेवावे कसे? मुले दमून येणार, त्यांना गरम पोळी द्यावी असे कुठल्याही आईला वाटते. मीही करत गेले. साडेआठला कणीक, नऊला पोळ्या, दहाला भांडी. आम्ही दोघे जेवून तीन तास झालेले असायचे आणि ओटा पुन्हा भरलेला. पुस्तके वाचनालयात तशीच परत जाऊ लागली. एका टोपीची बॉर्डर सुईवर पाच महिने अडकून राहिली. गुडघे दुखायचे ते वेगळेच. यात दोष कुणाचाच नव्हता. सगळे एकमेकांच्या मायेपोटीच चालले होते.

पुढच्या चातुर्मासाच्या आधी मी घरात सांगितले, "चार महिने ओटा सूर्यास्ताला आवरणार. मग उघडणार नाही." मुलगा म्हणाला, "आई, तू त्रास घेऊ नकोस, आम्ही बाहेरून मागवू." सूनबाई काही बोलली नाही. दोन दिवसांनी भाजी निवडताना म्हणाली, "आई, तुमची संध्याकाळ तुम्हाला हवी, हे मला पटतं. पण मग आल्यावर मी करायचं का?"

तिचा प्रश्न बरोबर होता. माझ्या नियमाचा भार तिच्या अंगावर पडणार असेल, तर तो नियम कसला? जमाखर्च शिकलेल्या बाईला हे कळायला हवे: एका खात्यातून काढून दुसऱ्या खात्यात टाकले, तर त्याला नफा म्हणत नाहीत. माझे दोन तास तिच्याकडून घेऊन मी वाचत बसले असते, तर त्या स्वाध्यायाला काय अर्थ राहिला असता?

मग आम्ही तिघे बसलो, हेही बसले. काम इकडून तिकडे सरकवायचे नाही, कमी करायचे, असे ठरले. आता सकाळी एकदाच स्वयंपाक होतो आणि दोघांना दोन-दोन डबे जातात. दुसरा डबा ऑफिसात साडेपाचला खायचा. त्यात दशमी असते, दुधात कणीक भिजवली की पोळी संध्याकाळपर्यंत मऊ राहते. बरोबर कच्च्या केळ्याची सुकी भाजी किंवा मटकीची उसळ आणि आमच्याकडची बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी. भाज्या चिरणे आणि डबे भरणे मुलाकडे. रोजची चाळीस मिनिटे. पहिल्या आठवड्यात त्याने दोडक्याच्या शिरा काढताना निम्मा दोडका काढून टाकला, पण हात बसला. ऑफिसात तो साडेपाचला डबा उघडतो म्हणून सुरुवातीला थट्टा झाली. आता दोघे-तिघे मित्र त्याच्याबरोबर खातात, असे ऐकते. एखाद्या दिवशी मीटिंगमुळे डबा राहून जातो. तो दिवस सोडून द्यायचा, त्यावरून घरात बोलणे काढायचे नाही, हेही तेव्हाच ठरले होते.

'रत्नकरंड'मध्ये यम आणि नियम असा भेद केला आहे. जन्मभरासाठी घेतो तो यम, ठराविक काळापुरता घेतो तो नियम. एक दिवस, पंधरवडा, महिना, ऋतू, कितीही. हा भेद फार कनवाळू आहे. मुलांना मी जन्मभराचे काही मागितले नाही. चार महिने मागितले. चार महिने संपले तेव्हा सूनबाईनेच विचारले, "डबे चालू ठेवूया ना? रात्री आल्यावर काहीच करायचं नसतं, फार बरं वाटतं." तिला हवी होती तीही संध्याकाळच.

आता साडेआठला ती येते, हातपाय धुते आणि माझ्या शेजारी बसते. फोनवर असते पुष्कळदा, मला त्याचे काही वाटत नाही. तिचे तास तिचे. कधी मी वाचत असले की विचारते, "आज काय?" मग मी दोन पाने मोठ्याने वाचते. परवा तिने विचारले, "आई, आनंदाला मर्यादा घातली तर तो कमी नाही होत?" मी म्हटले, तुझ्या आजेसासूबाईंनी याचे उत्तर दिले असते. मला एवढेच दिसते, की पिठाला मर्यादा घातली तेव्हा भाकरी चांगली झाली, आणि ओट्याला घातली तेव्हा घरात सगळ्यांनाच संध्याकाळ मिळाली. बाकी तू शोध.

मैत्रिणींनो, या चातुर्मासात मोठे व्रत जमत नसेल तर एक छोटा नियम घेऊन बघा. पंधरा दिवसांसाठीच घ्या. ओटा बंद करायची एक वेळ ठरवा आणि ती घरात सगळ्यांना सांगा, मनात ठेवू नका. त्याच वेळी घरातल्या कुणाचे काम त्यामुळे वाढत नाही ना, तेही बघा. आणि त्या वेळात काय करणार, ते आधीच ठरवून ठेवा, नाहीतर कपड्यांच्या घड्या तुमची वाट बघत असतातच.

माझ्या सुईवर सध्या पिवळी टोपी आहे आणि उशाशी वाचनालयातून आणलेली 'स्मृतिचित्रे', दुसऱ्यांदा. या वेळी सूनबाईसाठी. तुमच्याकडे काय चालू आहे, जरूर कळवा.

जय जिनेंद्र.